आजीला विचारायचं राहून गेलं
घरातल्या आठवणी कशा गोळा करायच्या, याविषयी सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं

मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून बोलतेय. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी करत असाल तर करत राहा, फक्त कान इकडे असू द्या. आज मी तुम्हाला एक काम सांगणार आहे. त्याला पैसे लागत नाहीत. एक वही, एक पेन आणि घरातलं एक म्हातारं माणूस एवढं पुरतं. पण हे काम उद्यावर टाकता येत नाही. का, ते माझ्याच घरच्या गोष्टीवरून सांगते.

पायरीवरचं पाणी

२६ जुलै २००५ हा दिवस आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. त्या दिवशी दुपारीच माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तांदळाचा डबा माळ्यावर टाक. चूल उचल. पाणी आपल्या तिसऱ्या पायरीला लागलं की मग ते थांबत नाही."

आम्ही हसलो. त्याआधी कितीतरी पावसाळे गेले होते, पाणी कधी रस्ता ओलांडून आलं नव्हतं. तरी त्यांचं मन राखायचं म्हणून मी तांदूळ, डाळ, मीठ, काडेपेटी आणि दोन गोधड्या वर टाकल्या. संध्याकाळी पाणी तिसऱ्या पायरीला लागलं. रात्री ते घरात कमरेएवढं होतं. पुढचे दोन दिवस आमच्या घरातली आणि शेजारची अशी अकरा माणसं त्या माळ्यावरच्या धान्यावर जेवली.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला तिसऱ्या पायरीचं कसं ठाऊक?" त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं सांगितलं होतं. तिनं एकदा बघितलं होतं." कोणत्या साली बघितलं, तेव्हा घर कसं होतं, माणसं कुठं गेली, हे मी विचारलं नाही. म्हटलं, आवरू दे, मग निवांत विचारू. ते निवांत कधी आलंच नाही. २०११ साली सासूबाई गेल्या.

त्या पुरात आमची पत्र्याची पेटी भिजली. त्यात लग्नाचे फोटो होते, पत्रं होती. सगळ्याचा लगदा झाला. फोटो गेले ते पाण्यामुळे. सासूबाईंच्या डोक्यातलं गेलं ते मात्र माझ्या 'नंतर बघू'मुळे. म्हणून हे बोलणं.

पाड्याचं गाव, गावाचं शहर

आज बदलापूर स्टेशनला उतरलं की इमारतीच इमारती दिसतात. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, इथं आधी काही नव्हतंच.

पण नावंच बघा. हेंद्रेपाडा. पाडा म्हणजे शेताच्या कडेची छोटी वस्ती. इथं भाताची खाचरं होती. जूनच्या आधी राब भाजायचा, मग पेरायचं, मग गुडघाभर चिखलात वाकून आवण लावायची. कणगी, उखळ, मुसळ, जातं हे शब्द माझ्या सुनेला पुस्तकातले वाटतात. माझ्या सासूबाईंच्या तर हाताला त्याचे घट्टे होते.

रेल्वे इथं फार लवकर आली. १८५३ साली मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली आणि तीनच वर्षांत, १८५६ साली, कल्याणहून बदलापूरवरून थेट खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढं शेजारच्या अंबरनाथला काडेपेटीचा विमकोचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, आणि शेतात राबणारी माणसं पाळीवर जायला लागली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये राहायला आली. १९४९ साली त्या वसाहतीला आपल्या नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. आमच्या घरात मात्र शेवटपर्यंत 'कॅम्प' हाच शब्द. माझ्या आजेसासूबाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन कॅम्पात जायच्या. तिथल्या सिंधी बायांशी बोलून बोलून त्या सिंधीत दहापर्यंत मोजायला शिकल्या होत्या, असं घरात सांगतात.

आता बघा, रेल्वे कधी आली ते पुस्तकात मिळतं. कॅम्पाचं नाव कधी बदललं ते सरकारी दप्तरात मिळतं. पण भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईला पहाटे किती वाजता उठावं लागे, मागे तान्ह्या पोराला कोण बघे, आलेले पैसे तिच्या हातात राहत की कोणी काढून घेई, हे कुठं लिहिलंय? ते फक्त घरात असतं. तेही एखाद-दुसऱ्या माणसाच्या डोक्यात.

असंच आणखी एक. १९२७ साली मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मे महिन्यात, बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला आणि त्याचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे चरित्रग्रंथांत नोंदलेलं आहे. पण त्या गर्दीत आपल्या भागातल्या कोणत्या बाया मूल कडेवर घेऊन उभ्या होत्या, हे कळायला त्यांच्या नातींनाच विचारावं लागेल.

बायांच्या आठवणी का हरवतात

पुरुषांची नावं कागदावर असतात. सातबाऱ्यावर, कंपनीच्या पगारपत्रकावर, मतदार यादीत. आपल्याकडे बाईचं नाव तर लग्नात बदलतं. आडनाव बदलतंच, पण कित्येक घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्यानं नवं नाव लिहायचं, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव संपलं. एकाच बाईची दोन नावं होतात आणि दोघींचा एकमेकींशी संबंध सांगणारा कागद नसतो.

आमच्या घरी याचा फटका बसला. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या माहेरून फोन आला. त्यांच्या वडिलांच्या जमिनीच्या वारसांचं काम निघालं होतं. जुना फेरफार काढला, तर वारसांत भावांच्या नावाखाली एका बहिणीचं नाव होतं, आणि ते नाव आमच्या घरात कोणी ऐकलेलंच नव्हतं. माझे यजमान म्हणाले, "ही दुसरीच कोणीतरी आहे. आईचं नाव हे नाही." पन्नास वर्षं पोटच्या मुलांनी आईचं माहेरचं नाव विचारलं नव्हतं. सून म्हणून मीही नाही.

मग सापडलं ते हंड्यावर. दिवाळीला माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढला, चिंच-मीठ लावून घासला, तेव्हा काठाखाली कोरलेली अक्षरं दिसली. मामाकडून भाचीला लग्नात दिलेला हंडा. त्यावर तेच नाव, आणि १९५२ साल. फेरफारावरची ती अनोळखी बाई म्हणजे आमच्याच सासूबाई.

नुसता हंडा पुरावा म्हणून चालत नाही, हे लक्षात ठेवा. पण कुठं शोधायचं ते त्यानं सांगितलं. सासूबाईंच्या माहेरच्या एक वयस्क वहिनी होत्या, त्यांनी लग्न पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं घेतलं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि काम पुढं सरकलं. त्या वहिनीही पुढच्या वर्षी गेल्या. आम्ही एक वर्ष उशीर केला असता तर?

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस धरलं. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतका हक्क दिला. पण हक्क मागायचा तर 'मी तीच' हे दाखवावं लागतं. अशा कामात सल्ला हवा असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथं मोफत मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या कागदावर आईचं नावही लागतं. पुढच्या पिढीचं बरं झालं. मागच्या पिढीचं आपल्यालाच लिहून काढायला हवं.

विचारायचं कसं

आजीसमोर बसून "आजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "माझं काय मेलीचं, शेत आणि चूल." प्रश्न मोठा झाला की माणूस गप्प होतं. प्रश्न छोटा हवा, हातात धरता येईल असा.

वस्तू पुढं ठेवा. जुना हंडा, पाटा-वरवंटा, गोधडी. गोधडी उलगडून विचारा, हा तुकडा कुणाच्या लुगड्याचा? एकेका तुकड्यावर एकेक माणूस निघतं. भांडी पालथी करून बघा, कुणी दिलं, कधी दिलं ते त्यावर असतं.

खाण्याचं विचारा. आपल्याकडे पावसाच्या तोंडाला शेवळं येतात. शेवळाबरोबर काकडं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. कोणत्या रानभाजीला काय लागतं, कोणती पहिल्या पावसात खायची आणि कोणती आठ दिवसांनी, हे सगळं शिक्षण सासूनं सुनेला चुलीपाशी दिलेलं. ते आठवताना बाई नुसती भाजी सांगत नाही. कुठल्या रानात जायची, कुणाबरोबर जायची, तिथं आता काय आहे, सगळं येतं. जांभळाचंही तसंच. बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन स्टेशनवर बसणाऱ्या आदिवासी बायांना कोणतं झाड कुठं होतं, कोणतं कधी तुटलं, ते तोंडपाठ असतं. मानांकन फळाला मिळालं, पण त्या झाडांची माहिती त्या बायांजवळ आहे.

गाणं आठवतं का विचारा. जात्यावरच्या ओव्या बायांनी दळताना रचल्या. भावाचं कौतुक, सासरचा जाच, पोटातलं दुःख, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सोबतिणींसह महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्या वेळी ते काम झालं नसतं, तर त्या ओव्या गाणाऱ्यांबरोबरच संपल्या असत्या.

आणि ती ज्या बोलीत सांगते त्याच बोलीत लिहा. आगरी असो, ठाकरी असो, कातकरी असो. 'शुद्ध' करायला जाऊ नका. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉल नावाचा समुद्रकाठचा मुलूख आहे. तिथली कॉर्निश ही वेगळी भाषा होती. माउसहोल नावाच्या छोट्या बंदरात डॉली पेंट्रीथ नावाची मासे विकणारी बाई राहायची. लहानपणापासून ती भाषा बोलत आलेली ती शेवटची, असं मानतात. ती १७७७ साली वारली. १७६८ साली एक विद्वान माणूस तिला शोधत गेला तेव्हा त्यानं तिचं बोलणं ऐकलं, पण तिच्या तोंडची भाषा फार थोडी कागदावर उतरली. आज तिथले लोक ती भाषा पुस्तकांतून पुन्हा शिकतायत. कोळीण शेजारी होती तेव्हा सोपं होतं, आता अवघड. आपल्या घरात अजून आजी आहे, तोवर आपल्याला सोपं आहे.

साल कसं लावायचं

आजीला तारीख आठवत नाही. पण दुसरं बरंच काही आठवतं. तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींना तिची आठवण बांधायची. मी वहीच्या पहिल्या पानावर ही यादी चिकटवली आहे:

१९३० – दख्खनची राणी गाडी सुरू झाली
१९४७ – स्वातंत्र्य आणि फाळणी
१९४८ – गांधीजींची हत्या
१९४९ – कॅम्पाचं उल्हासनगर झालं
१९५७ – कूळकायद्यानं १ एप्रिलपासून कुळं जमिनीची मालक ठरली
१९६० – महाराष्ट्र राज्य झालं
१९६७ – ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप
१९७२ – दुष्काळ
१९७५ – आणीबाणी
१९८२ – गिरणी संप
१९९५ – २१ सप्टेंबर, गणपती दूध पितो म्हणून गर्दी
२००५ – २६ जुलैचा पूर

माझ्या नणंदेच्या जन्माची नोंद नव्हती. सासूबाई एवढंच म्हणायच्या, "भूकंपानं भांडी वाजली तेव्हा मला सहावा महिना होता." डिसेंबर १९६७ ला सहावा, म्हणजे नववा मार्च १९६८ ला. होळीच्या आसपास झाली, असंही त्या म्हणत. दोन्ही जुळलं. असा हिशेब तुम्हालाही करता येईल. 'गौरीत झाला' म्हणजे भादवा, 'आवणीत झाली' म्हणजे आषाढाच्या आगेमागे. सण आणि शेत हीच आपल्या आज्यांची दिनदर्शिका.

कधी दोन माणसं एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगतील. जाऊ म्हणेल पूर आला तेव्हा घर मातीचं होतं, दीर म्हणेल विटांचं. भांडण लावू नका. दोन्ही लिहा आणि कोणी काय सांगितलं ते पुढं टाका. नंतर एखादा फोटो, घरपट्टीची पावती मिळाली की उलगडतं. आठवण चुकू शकते, हे मान्य करूनच हे काम करायचं. ऐकीव असेल तर 'ऐकीव', स्वतः पाहिलेलं असेल तर 'पाहिलेलं' असं लिहायचं.

नको ते उकरू नये

आठवणी सगळ्या गोड नसतात. कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाला मार बसलेला असतो, कुणाला सवतीवर दिलेलं असतं. माझ्या चुलतसासूबाई एका गोष्टीपाशी आल्या की पाणी प्यायला उठायच्या. तीनदा असं झाल्यावर मला समजलं. मी पुन्हा तो विषय काढला नाही. वर्षभरानं त्यांनीच सांगितलं, आणि म्हणाल्या, "हे लिहू नको." मी लिहिलं नाही. ते माझ्याजवळ आहे, वहीत नाही.

म्हणून नियम साधा. सुरुवातीलाच सांगायचं की मी हे लिहून घेतेय. शेवटी वाचून दाखवायचं. काय ठेवायचं, काय गाळायचं, ते तिनं ठरवायचं. बाहेर कुठं सांगायचं, छापायचं तर पुन्हा विचारायचं. सासूबाईंचं माहेरचं नाव मी आज रेडिओवर घेतलं नाही, ते यामुळेच. घरातल्या सगळ्यांना विचारून झालेलं नाही.

आपल्याआधी हे काम बायांनी मोठ्या प्रमाणावर केलंय. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायांना भेटल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. ज्या बायांचं नाव कुठल्या ग्रंथात नव्हतं, त्या बोलल्या म्हणून चळवळीतलं त्यांचं काम कळलं. आपल्याला पुस्तक काढायचं नाही. आपल्या घरापुरतं, आपल्या पाड्यापुरतं करायचं आहे. पण रीत तीच.

लिहायचं, ठेवायचं

फोनवर आवाज भरायचा असेल तर पंखा बंद करा, कुकर लावू नका, फोन उशीवर न ठेवता पाटावर ठेवा. मध्ये कोणाचा कॉल येऊ नये म्हणून फोन विमान मोडवर टाका. सुरुवातीला स्वतः बोला: आज तारीख अमुक, मी अमुक, माझ्यासमोर अमुक. अर्धा तास पुरे. म्हातारं माणूस थकतं. चार वेळा बसा, एका बैठकीत सगळं उपसू नका.

आवाज भरला तरी वहीत लिहा. फोन पडतो, हरवतो, पोरं खेळताना पुसून टाकतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना बसवा. शाळेतल्या पोरीला आजीचं बोलणं लिहायला दिलं की दोघींचंही भलं होतं.

फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं लिहा. कोण, कुठं, अंदाजे कधी. शाईचं पेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. कागद असतील तर त्यांचे फोनमध्ये फोटो काढा: जुना सातबारा, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लग्नपत्रिका. आणि एक प्रत घराबाहेर ठेवा, लेकीकडे किंवा भावाकडे, उंचावरच्या गावात. आमची पेटी खाटेखाली होती. तुमची तिथं ठेवू नका.

पाण्याची खूण

शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी.

२००५ नंतर पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हासला पूर आला. तेव्हाच बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. २०२१ च्या जुलैतही पाणी आलं. या तिन्ही वेळा महिना एकच, जुलैचा उत्तरार्ध.

नदीकाठी सरकार पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या नकाशावर असतात. घर घेताना, खोली भाड्यानं घेताना त्या विचारून घ्याव्यात. पण नव्यानं राहायला आलेली, तळमजल्यावर संसार थाटलेली पोरगी नकाशा बघायला जात नाही. तिला शेजारची म्हातारी सांगू शकते, "बाई गं, इथं तिसऱ्या पायरीला लागलं की थांबत नाही."

आमच्या गटानं ठरवलं आणि तीन पुरांचं पाणी ज्या त्या घरात कुठवर आलं, ते विचारून भिंतीवर रंगानं रेघ मारली, पुढं साल घातलं. काही घरांत बाया म्हणाल्या, नको, भाडेकरू घाबरतील. त्यांनी आतल्या बाजूला, दाराच्या मागे मारली. चालेल. रेघ आहे, हे महत्त्वाचं. आमच्या पाड्यात नवीन आलेल्या एका सुनेनं ती रेघ बघून मागच्या पावसाळ्यात आधीच कागदपत्रं आणि पोरांची पुस्तकं वर टाकली. पाणी आलं नाही. ती म्हणाली, "नाही आलं तर बरंच झालं की."

माझ्या आजेसासूबाईंनी पाणी बघितलं, सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मला सांगितलं. तीन बाया, तीन पिढ्या, एक वाक्य. त्यावर अकरा माणसं दोन दिवस जगली. अशी आणखी किती वाक्यं त्या बरोबर घेऊन गेल्या, हे मला आता कधीच कळणार नाही. तुमच्या घरातलं तुम्हाला अजून कळू शकतं. आज रात्री जेवणं झाली की आजीजवळ जरा बसा.



गटाच्या पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात वयस्क बाईला यातले कोणतेही तीन प्रश्न विचारून यायचं:

१. तुमचं माहेरचं नाव काय? ते कोणी ठेवलं? आता त्या नावानं हाक मारणारं कोणी आहे का?
२. या घरात पहिल्या दिवशी आलात तेव्हा आजूबाजूला काय होतं? आता तिथं काय आहे?
३. पाणी कुठून भरायचात? दिवसाला किती खेपा?
४. तुमची बाळंतपणं कुठं झाली? सुईण कोण होती?
५. पाणी, आग, रोगराई असं मोठं संकट आलं तेव्हा घरात आधी काय उचललं?
६. स्वतः कमावलेले पहिले पैसे कशाचे होते? त्याचं काय केलंत?
७. तुमच्या सासूनं किंवा आईनं सांगितलेली कोणती गोष्ट पुढं खरी ठरली?

उत्तरं बैठकीत वाचून दाखवायची, पण आधी त्या बाईची परवानगी घ्यायची.